‘झेल्डा’चा कालक्रम : विसंगतीतून जन्मलेले तर्क

एकाच नावाच्या दोन व्यक्ती, की एकाच व्यक्तीच्या दोन कथा? जळगाव जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखातले चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू, यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. तापी-पूर्णा संगमावरील मंदिर ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते चांगदेव मात्र मुक्ताबाईंचे शिष्य, चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका असलेले योगी. पहिल्यांचा काळ शिलालेखाने निश्चित होतो. दुसऱ्यांच्या वयाचा हिशेब मांडताना तर्काला मोकळे रान मिळते. ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ या अद्भुतरम्य व्हिडिओ गेम मालिकेचे चाहतेही अशाच पेचात पडले आहेत.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८६ मध्ये या मालिकेतील पहिला खेळ आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते. हायरूलचे राज्य, राजकन्या झेल्डा, वीर लिंक आणि खलनायक गॅनन बहुतेक खेळांत पुन्हा भेटतात. मात्र लिंक दरवेळी तोच नसतो. निरनिराळ्या युगांतील वीर हे एकच नाव धारण करतात. त्यामुळे कोणती कथा आधीची आणि कोणती नंतरची, हा वाद सुरू झाला.

वादाचे केंद्र म्हणजे १९९८ चा ‘ऑकारिना ऑफ टाइम’. यात लिंक सात वर्षांनंतरच्या काळात जाऊन गॅननला हरवतो आणि झेल्डा त्याला पुन्हा बालपणात पाठवते. मग मागे राहिलेल्या, वीर नसलेल्या जगाचे काय झाले? २००२ च्या ‘द विंड वेकर’मध्ये हायरूल समुद्राखाली गेलेले दिसते; २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये ते शाबूत आहे. दोन्ही कथा ‘ऑकारिना’नंतरच्याच. येथे काळाला दोन फाटे फुटले, हा चाहत्यांचा तर्क निर्माते एइजी आओनुमा यांच्या मुलाखतींनीही बळकट केला.

१९८६ आणि १९९१ चे खेळ तरीही या दोन शाखांत नीट बसत नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायरूल हिस्टोरिया’ या अधिकृत ग्रंथाने तिसरी शाखा मांडली : लिंकचा पराभव झाला असता तर? जुने खेळ तिच्यात बसवण्यात आले. असा पराभव खेळाच्या कथानकात कोठेच येत नाही, हा त्यावरचा प्रमुख आक्षेप.

२०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ कालक्रमाच्या अखेरीस ठेवला गेला; पण कोणत्या शाखेच्या, हे सांगितले गेले नाही. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ने गुंता वाढवला. त्यात राऊरू हा हायरूलचा पहिला राजा म्हणून येतो आणि जुन्या खेळांतील एका युद्धाचे नाव वेगळ्याच युद्धाला दिलेले आढळते. मूळ राज्य लयाला जाऊन त्याच नावाने नवे उभे राहिले, असे एक मत. ही सर्वस्वी स्वतंत्र कथा आहे, असे दुसरे. पहिल्या मताची शक्यता दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी नाकारलेली नाही.

विसंगतीला कर्त्यांची चूक म्हणायचे की पुरावा, यावर साऱ्या तर्कांचे भवितव्य अवलंबून आहे. पाटणचा लेख दगडात कोरलेला आहे. हायरूलचा इतिहास लिहिणारे हात मात्र अद्याप थांबलेले नाहीत. पुढचा खेळ आजचा सर्वमान्य क्रमही मोडू शकतो.