जुना पहारेकरी, नवा धनी : मोटारसायकलच्या अलार्मची गोष्ट

१/ पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जमिनीवर अंथरलेल्या फडक्यांवर कार्बोरेटर, आरसे आणि हॉर्न यांच्या गर्दीत एखादी काळी डबीही असू शकते. तिच्यातून अर्धवट कापलेल्या सहा-सात वायरी लोंबत असतात. शेजारी छोटा सायरन आणि नशीब असेल तर एखादा रिमोट. एका मोटारसायकलवरून उतरलेला हा अलार्म दुसरीवर चढण्याची वाट पाहत असतो.

२/ अशी डबी घेणारा एका अर्थी पहारेकरीच चाकरीला ठेवत असतो, आणि त्या पहारेकऱ्याने आधी दुसऱ्या कुणाचे मीठ खाल्लेले असते. तो नव्या धन्याचे ऐकेल का? जुन्या धन्याचे ऐकणे सोडेल का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मोटारसायकल, चावी आणि चोर यांच्या शतकभराहून जुन्या इतिहासात आहेत. तो इतिहास या थ्रेडमध्ये.

३/ आरंभी चावीच नव्हती. गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांची दुचाकी १८८५ साली जर्मनीत धावली. १८९४ पासून म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची मोटारसायकल कारखान्यात तयार होऊन विकली जाऊ लागली. दोन्ही गाड्यांत इंधन पेटे ते तप्त नळीने. आधी बर्नर पेटवायचा, नळी तापेपर्यंत थांबायचे, मग इंजिन. घाईत असलेल्या चोराला एवढा धीर कुठला? गाडी सुरू करण्याचे ज्ञान हेच त्या काळचे कुलूप होते.

४/ पुढे ठिणगी आली. १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्टच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिन फिरले की मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो. त्याला बॅटरी लागत नाही. मग असे स्वयंपूर्ण इंजिन थांबवायचे कसे? त्याची वीज गाडीच्या सांगाड्याला जोडून, म्हणजे अर्थ करून. बटण दाबले की वायर अर्थ होते आणि ठिणगी मरते.

५/ अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास दुसरी वाट रूढ केली : बॅटरी आणि इग्निशन कॉइल. येथे ठिणगीला लागणारी वीज बाहेरून, बॅटरीतून येते. ती वाट तोडली की इंजिन बंद, जोडली की चालू. स्विचचे काम मॅग्नेटोच्या नेमके उलट झाले.

६/ या एका भेदातून चोरीच्या दोन विद्या जन्मल्या. बॅटरीच्या गाडीत चोर कुलपामागच्या दोन वायरी जोडतो. मॅग्नेटोच्या गाडीत तो एक वायर तोडतो. गॅरेजच्या बोलीत याला ‘गाडी डायरेक्ट करणे’ म्हणतात. कुलूप पितळेचे असो वा पोलादाचे, असा चोर कुलपाशी झटतच नाही. तो त्याच्या मागच्या तांब्याशी बोलतो.

७/ भारतात १९५५ पासून मद्रासमध्ये एनफिल्ड बुलेट जुळू लागली, १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावा सुरू झाली, आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या. परवान्यांच्या त्या राज्यात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे दारातली दुचाकी ही मध्यमवर्गीय घराची मोठी मालमत्ता होती. तिची राखण मात्र साध्याच चावीकडे असे. अनेक जुन्या जावांची दात नसलेली, खिळ्यासारखी चावी तर एका गाडीची दुसरीलाही चालत असे.

८/ १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० रस्त्यावर आल्या. जपानी वळणाच्या या शंभर सीसीच्या गाड्यांत सीडीआय इग्निशन होते. त्या काळच्या अशा अनेक गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोच्याच गुंडाळीतून येई. म्हणजे होनोल्ड यांच्या काळचा नियम परतला : वायर अर्थ झाली की इंजिन बंद, तुटली की चोर मोकळा. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ साली थांबले, पण तिची मागणी थांबली नाही.

९/ अलार्मची कुळकथा वेगळी आहे. १८५३ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस पोप यांनी दार किंवा खिडकी उघडताच विजेची घंटा वाजवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे एडविन होम्स यांनी ते विकत घेऊन त्याचा व्यवसाय उभारला. म्हणजे घरफोडीचा हा पहिला विद्युत पहारेकरीसुद्धा हातोहात विकला गेला होता.

१०/ घराची घंटा भिंतीवर बसते. मोटारसायकलला भिंत नाही. तिच्यावर बसणारा पहारेकरी लहान हवा, धक्के सोसणारा हवा आणि थोड्या विजेवर जागणारा हवा. हे शक्य केले सिलिकॉनने. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली रचलेली ५५५ ही वेळमापक चिप स्वस्त होती आणि सायरनचा आवाज खालीवर करणे तिला सहज जमत असे. तिच्या जोडीला गाडी हलताच स्पर्श करणारी स्प्रिंग किंवा कंपन ओळखणारा स्फटिक आला, आणि अलार्म सीटखाली मावू लागला.

११/ पण आवाजाला चोर खरोखर घाबरतो का? याविषयी एक नकळत झालेला प्रयोग पश्चिम जर्मनीत सापडतो. तेथे १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांना जागच्या जागी दंड होऊ लागला. त्या वर्षी तेथे सुमारे १ लाख ५३ हजार मोटारसायकली चोरीस गेल्या होत्या. १९८६ साली हा आकडा सुमारे ५४ हजारांवर आला.

१२/ कायदा डोक्याच्या रक्षणासाठी होता, पण वाचल्या गाड्या. संधी दिसताच गाडी उचलणाऱ्याजवळ हेल्मेट नसे. तसाच निघाला तर पोलीस अडवीत. पॅट्रिशिया मेह्यू, रोनाल्ड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हा अभ्यास मांडला. मोटारसायकलचे बहुसंख्य चोर संधिसाधू असतात. वाटेत लहानसा अडथळा आला तरी ते माघार घेतात, हा त्याचा बोध. जुन्या, साध्या अलार्मलाही किंमत आहे ती याच कारणाने.

१३/ मग रिमोट आला आणि कुलपाचे रूप बदलले. प्रारंभीच्या अनेक रिमोटमध्ये आठ-दहा सूक्ष्म खटके असत. आठ खटक्यांच्या रचना होतात अवघ्या २५६. शिवाय रिमोट दर वेळी तोच संदेश पाठवी. जवळ उभ्या असलेल्या कुणी तो एकदा टिपून पुन्हा वाजवला, की पहारेकरी त्यालाच धनी समजून सलाम करी.

१४/ यावर तोड निघाली दक्षिण आफ्रिकेत. १९८० च्या दशकात नॅनोटेक या कंपनीत कीलॉक ही पद्धत रचली गेली. हिच्यात रिमोट आणि डबी दोघेही एक मोजणी ठेवतात. बटण दाबले की मोजणी एकने पुढे सरकते आणि ६४ बिटांच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद होऊन हवेतून जाते. डबी मागे पडलेला आकडा स्वीकारत नाही. रिमोट खिशात चुकून दाबला गेला तरी ठरलेल्या पल्ल्यापर्यंत ती त्याला सांभाळून घेते. १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ही विद्या सुमारे १ कोटी डॉलरना विकत घेतली.

१५/ हे कुलूपही अभेद्य ठरले नाही. २००७ साली बेल्जियम आणि इस्रायलच्या संशोधकांनी कीलॉकचे गणित भेदले. २००८ साली जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी चिप किती वीज खाते हे मोजून उत्पादकाची मूळ किल्ली बाहेर काढली. ती हाती आल्यावर रिमोटचे फार तर दोन संदेश दुरून ऐकून त्याची नक्कल करता येते, हे त्यांनी दाखवले. तरीही रस्त्यावरच्या भुरट्या चोराजवळ प्रयोगशाळा नसते, हेही तितकेच खरे.

१६/ आता जुन्या बाजारातल्या त्या डबीकडे परत यावे. अशा पद्धतीत डबी आपल्या स्मृतीत रिमोटची नावे धरून ठेवते. रिमोट नसलेली डबी म्हणजे मुका पहारेकरी : कुणाचेच न ऐकणारा. एक रिमोट असलेली डबी अधिक फसवी. दुसरा रिमोट जुन्या मालकाच्या खणात पडलेला असू शकतो आणि तो आजही चालतो. म्हणून पहिले काम वायरींचे नाही, विस्मरणाचे. स्मृतीतले सगळे रिमोट पुसून फक्त हातातला नव्याने शिकवावा. अनेक संचांत त्यासाठी डबीवरच एक बटण असते. ज्या डबीला विसरता येत नाही, ती फुकट मिळाली तरी महाग.

१७/ दुसरे काम विजेचे. जुन्या जावाची व्यवस्था ६ व्होल्टची आहे. १२ व्होल्टचा अलार्म तिच्यावर चालणार नाही. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेथे आजच्या सवयीने लाल-काळी वायर जोडली तर डबी जळते. शिवाय पहारेकरी जागतो त्याचाही खर्च असतो. २.५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून अलार्म सतत ५ मिलिअँपिअर ओढत असेल, तर भरलेली बॅटरी ५०० तासांत, म्हणजे सुमारे २१ दिवसांत रिकामी होते. मे महिन्यात गावी गेलेल्याची गाडी परतल्यावर निपचित का असते, त्याचे एक कारण येथे आहे.

१८/ तिसरे काम सर्वांत नाजूक, आणि ते १९०२ पासूनच्या त्या भेदाशी जोडलेले आहे. बॅटरी-कॉइलच्या गाडीत अलार्मचा रिले ठिणगीची वीज तोडतो. मॅग्नेटोच्या गाडीत तो वायर अर्थ करतो. मॅग्नेटोच्या गाडीत रिलेची वायर सैल झाली तर पहारा गळतो, पण गाडी चालत राहते. बॅटरीच्या गाडीत तोच सांधा सैल झाला तर इंजिन भर रहदारीत, मागे ट्रक असताना बंद पडते. वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळण्याची सवय येथे जिवावर बेतू शकते. सांधा सोल्डर केलेला हवा, रिले जुना न ठेवता नवा घातलेला बरा, आणि बॅटरीलगत फ्यूज हवाच.

१९/ एक प्रश्न मात्र कुठलाही मेकॅनिक सोडवू शकत नाही : ही डबी आली कुठून? वायरी व्यवस्थित सोडवलेल्या असतील तर ती बहुधा मालकाच्या हातची. घाईने कापलेल्या असतील तर शंकेला जागा आहे. चोरीचा माल जाणून, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असूनही घेणे, हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली गुन्हा होता. २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. चोरीच्या गाडीवरून उतरलेला अलार्म चोरी रोखण्यासाठी विकत घेणे, यापरता विपर्यास नाही. विक्रेत्याची साधी पावतीही म्हणूनच मोलाची.

२०/ तप्त नळीच्या काळात कुलूप स्वाराच्या ज्ञानात होते. मग ते पितळेत गेले, पितळेतून तांब्यात आणि तांब्यातून एका अदृश्य आकड्यात. रूप बदलत गेले तरी प्रश्न एकच राहिला : गाडीचे गुपित नेमके किती जणांना ठाऊक आहे? जुनी डबी घेणाऱ्याने किमतीची घासाघीस खुशाल करावी. पण त्याआधी हा एक प्रश्न विचारावा.

(समाप्त)