लपलेला नळ आणि मलिक अंबर

आमच्या लहानपणी नळाचा पाइप भिंतीच्या बाहेर असे. गंजका, वाकडातिकडा, क्लॅम्पांनी भिंतीला कसाबसा धरलेला, पण प्रामाणिक. कुठे गळतोय ते तो स्वतःच सांगे. आपण एक चिंधी आणि एक सुतळी घ्यायची, बांधायची आणि पुढच्या दिवाळीपर्यंत विसरून जायचं. वर्षानुवर्षांच्या चिंध्यांवरून घराचा इतिहास लिहिता आला असता. ही चिंधी म्हणजे ताईच्या लग्नातलं जुनेर, ती म्हणजे आजोबांचं धोतर, वगैरे.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण आमच्या सौभाग्यवती पुण्याला भाचीच्या वास्तुशांतीला जाऊन आल्या.

"तिच्या बाथरूममध्ये एकसुद्धा पाइप दिसत नाही!" पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी जाहीर केलं.

"मग पाणी कुठून येतं?"

"तेच तर!"

या 'तेच तर'ची किंमत किती, ते पुढे मला हप्त्याहप्त्याने कळलं. भिंतीवर फक्त एक चकचकीत चकती आणि तिच्यात एक दांडा. दांडा डावीकडे फिरवला की गरम, उजवीकडे फिरवला की गार. बाकी सगळा संसार भिंतीच्या पोटात. याला कन्सील्ड डायव्हर्टर म्हणतात, असं दुकानदाराने सांगितलं. मी आपला त्याला 'गुप्तनळ' म्हणतो.

एक तरुण मिस्तरी आला. दोन्ही कानांत गाणी घालून त्याने भिंतीत झिरी फोडली, पितळेचा तो यंत्रगोळा आत बसवला, प्लॅस्टिकचे पाइप जोडले, सिमेंट थापलं. "झालं काका," म्हणाला. वरून टाइल्स लागल्या. उद्घाटनाचं पहिलं स्नान सौभाग्यवतींनी केलं. मी बाहेर टॉवेल घेऊन स्वागताध्यक्षासारखा उभा होतो.

आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे सर वर आले. ते भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणूस अतिशय सभ्य; तक्रारसुद्धा पाठ शिकवल्यासारखी करतात.

"तुमची आंघोळ झाली की आमच्या छतावर नकाशा उमटतो," ते म्हणाले. "सोमवारी श्रीलंका होती. आज ऑस्ट्रेलिया झाली आहे. आशियापर्यंत वाट पाहावी की आत्ताच सांगावं, अशा विचारात होतो."

तरुण मिस्तऱ्याचा फोन लागेना. शेवटी शहागंजकडच्या एका ओळखीने एक वयस्कर गृहस्थ आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी चकतीकडे पाहिलं, टाइल्सवर बोटाने टकटक केली आणि पहिलाच प्रश्न असा विचारला, की मी गप्प झालो.

"साब, अंदर पाइप किधरसे गया?"

मी सौभाग्यवतींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या डोळ्यांदेखत गेलेला पाइप! पण कुठून गेला, ते आम्हां दोघांना सांगता येईना. लग्नातल्या जेवणावळीपासून भाचीच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांचे फोटो आमच्या मोबाइलमध्ये होते. उघड्या भिंतीचा एकही नव्हता.

मी म्हणालो, "चाचा, हे पाइप लपवायचं खूळच वाईट."

चाचा हसले. "छुपाना बुरा नक्को बोलो साब. इस शहर में चार सौ साल से पाइप छुपेच है. मगर वो लोगां देखने को जगा रखते थे."

एवढं बोलून ते हत्यारं आणायला निघून गेले आणि मी विचारात पडलो. या गावात माझा जन्म गेला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी पाणचक्की दाखवली आहे. पण पाहुण्याला दाखवणं आणि आपण पाहणं यांत फरक असतो. पाहुण्याबरोबर असताना आपलं लक्ष रिक्षाच्या भाड्याकडे असतं.

चाचांचा हिशेब बरोबर होता. हे गाव मुळात खडकी. 1610 मध्ये मलिक अंबराने त्याचं राजधानीचं शहर केलं. हा माणूस आफ्रिकेतला, हबसाणातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि चढत चढत निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. दिल्लीच्या जहांगीर बादशहाला त्याने इतकं जेरीला आणलं, की बादशहाने एक चित्र काढवून घेतलं. भाल्यावर अंबराचं मुंडकं आणि त्यावर बाण सोडणारा जहांगीर! हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. गंमत अशी, की ते 1616 च्या सुमारास रंगवलं तेव्हा अंबर चांगला धडधाकट होता. तो वारला 1626 मध्ये. म्हणजे बादशहा कागदावर नेम धरत होता, त्याच सुमारास हा इकडे जमिनीखालून नळ टाकत होता. राज्यकर्त्यांची कामाची पद्धत वेगवेगळी असते.

खडकीत माणसं वाढली, फौज आली. पण खाम नदी ही काही गंगा नव्हे. पाणी होतं उत्तरेकडच्या डोंगरात, तेही पोटात झिरपलेलं. अंबराच्या माणसांनी ते जमिनीखालीच गाठलं, बोगद्यांत गोळा केलं आणि उताराचा अंदाज घेत शहरात आणलं. ही नहर-ए-अंबरी, साधारण 1617 ची. पुढे तिच्यामागून आणखी नहरी झाल्या. थत्ते नहर झाली, पाणचक्कीची नहर झाली. कुठे दगडी बांधकामाचे बोगदे, कुठे भाजलेल्या मातीचे नळ. पंप नाही, वीज नाही, बिल नाही. पाण्याला उतार दाखवला, की ते आपण होऊन चालतं. मुलांना शाळेत धाडण्याइतकंही अवघड नाही.

मात्र लपवलेल्या पाण्याला दोन आजार असतात. एक गाळ आणि दुसरा वारा. नळात हवा अडकली, की पाणी अडतं किंवा धक्के मारतं. म्हणून या नहरींवर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं ठेवलेली असत. आत उतरावं, गाळ काढावा. आणि जागोजागी उंच मनोरे. त्यांतून हवा निघून जावी, पाण्याचा दाब आटोक्यात राहावा. परवा बेगमपुऱ्याकडे जाताना असा एक मनोरा पाहिला. इतकी वर्षं मी त्याला कुणाच्या तरी पडक्या वाड्याचा खांब समजत होतो. तो नहरीचं नाक होता!

मग पाणचक्कीवर गेलो, या खेपेला एकटा. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताचा तो दर्गा. ते आले बुखाऱ्याकडच्या गिजदुवानहून. इथे पाण्याच्या जोरावर जातं फिरे आणि यात्रेकरू-फकिरांसाठी पीठ निघे. पाणी येतं काही किलोमीटरांवरून जमिनीखालून, मग एका उंच भिंतीत वर चढतं आणि तिथून खाली कोसळतं. वर कसं चढतं? तर उगम त्याहून उंचावर आहे म्हणून. नळीचं एक तोंड उंच धरलं, की दुसऱ्या तोंडाने पाणी वर येतंच. लहानपणी रबरी नळीने आपण सगळ्यांनी हा खेळ केलेला असतो. म्हणजे भिंतीतून पाइप वर नेऊन उंचावरून पाणी पाडायचं, हा आमच्या भाचीच्या फ्लॅटमधला चमत्कार इथे किती जुना आहे! फक्त चकती नव्हती.

पण मी खरा थबकलो तो समोरच्या हौदापाशी. लांबच लांब हौद, आणि त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छप्पर! खाली जाडजूड खांब, वर एवढं पाणी. उन्हाळ्यात ते दालन गार राहावं, ही योजना. मला आमचे सर आठवले. अठराव्या शतकातले कारागीर माणसांच्या डोक्यावर तळं बांधत होते आणि आम्हाला डोक्यावर एक शॉवर सांभाळता येत नव्हता.

प्लंबर हा शब्दसुद्धा शिशाच्या लॅटिन नावावरून आलेला आहे. रोमन लोक शिशाचे नळ घालत. पण दोन हजार वर्षांपूर्वीचा त्यांचाच वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगून गेला, की मातीचे नळ बरे. पाणी आरोग्याला चांगलं आणि बिघडलं तर कुणालाही दुरुस्त करता येतं. नवीन नळांतून पहिलं पाणी सोडताना राख सोडा, म्हणजे कुठे सांधा राहिला असेल तर ती जाऊन बसेल, असंही त्याने लिहून ठेवलंय. थोडक्यात, सांधा राहणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. आमच्या तरुण मिस्तऱ्याने तेवढंच धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांनी टाइल्सना हात लावला नाही. बाथरूमच्या मागे झोपायच्या खोलीतलं कपाट आहे. त्याच्या मागची फळी काढून साडेचार इंचांची भिंत त्यांनी तिकडून अलगद उघडली. आत गुन्हेगार सापडला. पितळेच्या तोंडात नुसत्या प्लॅस्टिकचे आटे आवळून बसवले होते. जोर लावून आवळले, की आट्यांच्या मुळाशी केसासारखी चीर जाते. त्या दिवशी ती दिसत नाही. मग गरम-गार पाण्याने रोज फुगते, आक्रसते आणि आठव्या दिवशी ऑस्ट्रेलिया होते.

चाचांनी पितळी आट्यांचे जोड आणले. आट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेप गुंडाळली. आधी पितळ पितळेत बसवलं आणि मग त्या जोडाच्या दुसऱ्या तोंडात सोल्युशन लावून प्लॅस्टिकचा पाइप. गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसीचा, साधा पांढरा नव्हे. आणि मग ते चक्क बसून राहिले.

"आता?" मी विचारलं.

"अब कुछ नै करनेका. सूखने दो. आज पानी नै."

रात्रभर सोल्युशन वाळू दिलं. सकाळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब दिला आणि काट्याकडे बघत चाचांनी दोन चहा घेतले. काटा हलला नाही. ही परीक्षा टाइल्स लावायच्या आधी घ्यायची असते, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "आता बुजवू या?"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

कारण चांगल्या नहरी कशा गेल्या, तेही मला एव्हाना कळलं होतं. कुणी शत्रूने त्या फोडल्या नाहीत. शहर वाढलं, तोंडं कचऱ्याने बुजली, काहींवर घरं झाली. नळ कुठून गेलाय हे ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली. मग कुणी पाया खणताना, कुणी रस्ता करताना कुदळ मारली. खाली काय आहे, हे कुणाला सांगता येत नव्हतं. आता आपण पैठणच्या नाथसागरातून, 1976 साली पुरं झालेल्या धरणातून, चाळीसेक किलोमीटरांवरून पाणी आणतो. तेही विजेने चढावर ढकलून. ते दिवसाआड आलं की पेढे वाटावेसे वाटतात. आणि आमच्या पायांखाली, उतारावरून फुकट चालत येणाऱ्या पाण्याची वाट बुजलेली आहे.

तर आम्ही बुजवलं नाही. कपाटाच्या मागच्या फळीला बिजागरी लावून छोटं दार केलं. सर वर आले, आत वाकून पाहिलं आणि खूष होऊन स्वतः नकाशा काढून दिला. गरम पाइप लाल, गार निळा, कोपऱ्यापासूनची अंतरं सेंटीमीटरमध्ये, प्रमाण दिलेलं, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. तो त्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

सौभाग्यवतींचं एकच म्हणणं आहे. पाहुणे आता चकचकीत चकती पाहायला म्हणून येतात आणि मी त्यांना बाथरूमकडे न नेता आधी कपाटापाशी नेतो, साड्या बाजूला सारतो आणि दार उघडून मलिक अंबरापासून सुरुवात करतो.