चामराजपेटचे जोडलेले रस्ते

1892 साली बंगळूरच्या किल्ल्याच्या पश्चिमेला सरळ रेघा ओढून एक नवी वस्ती आखली गेली. जुन्या पेठेबाहेरच्या पहिल्या आखीव वसाहतींपैकी ही एक. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावावरून ती चामराजपेट झाली. तेव्हा दिवाण होते के. शेषाद्री अय्यर. पाच मेन रस्ते, त्यांना छेदत जाणारे क्रॉस, आणि घरांच्या मागून सफाई कामगारांसाठी ठेवलेले अरुंद बोळ, एवढाच तो नकाशा. एक रस्ता बंद पडला तर दुसऱ्याने जाता येतं, ही त्याची खरी कमाई. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ती शाबूत आहे.

बंगळूरच्या जुन्या विस्तारांचं श्रेय सरसकट प्लेगला दिलं जातं. चामराजपेटच्या बाबतीत ते खरं नाही. शहरात प्लेग आला 1898 मध्ये, म्हणजे ही वस्ती आखल्यानंतर सहा वर्षांनी. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम मात्र प्लेगच्या धास्तीनेच घाईने वसवले गेले. त्या वेळी सरळ, हवेशीर रस्त्यांचा नमुना शहरात आधीच तयार होता. त्याच 1898 मध्ये मुंबईतही प्लेगच्या पाठोपाठ सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या ज्या कॉलन्यांमध्ये मराठी मध्यमवर्गाने संसार थाटले, त्या या ट्रस्टच्याच आखणीतून पुढे आल्या.

मराठी माणसाचा बंगळूरशी संबंध मात्र त्याहून फार जुना. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेली पेठ दोड्डपेटे आणि चिक्कपेटे या दोन रस्त्यांच्या छेदावर उभी होती. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांचा 1669 चा शिलालेख काडू मल्लेश्वर देवळापाशी आहे. पुढे मल्लेश्वरमला नाव मिळालं ते याच देवावरून. 1687 मध्ये मोगलांनी शहर जिंकलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांच्या हवाली केलं. राजवटी बदलल्या, पण पेठेचा तो छेद जागचा हलला नाही. आजचा अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणजे तीच दोड्डपेटे. तिथल्या गल्ल्या अरुंद आणि वाकड्या असल्या, तरी एक दुसरीत उघडते. चामराजपेटने हाच गुण घेतला, फक्त तो फूटपट्टीने आखला.

रस्त्यांची नावं मात्र बदलत गेली. ब्रिटिश राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर 1889 मध्ये बंगळूरला आला होता. त्याच्या नावाचा चामराजपेटमधला रस्ता आज आलूर वेंकटराव रस्ता आहे. कर्नाटक एकीकरणाचे हे अध्वर्यू पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले आणि त्यांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेलं. इथून जाणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असेल? पंप महाकवी रस्त्यावर कन्नड साहित्य परिषद आहे. 1938 मध्ये आर. कल्याणम्मांनी मुलांसाठी सुरू केलेली मक्कळ कूट ही संस्था आहे. किल्ल्यालगतच्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानात रामनवमीला संगीतोत्सव भरतो. या साऱ्या जागा एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. वस्ती श्रीमंत होती म्हणून असं घडलं नाही. रस्ते एकमेकांना मिळाले म्हणून घडलं.

1948 मध्ये पायाभरणी झालेल्या बंगळूरच्या जयनगरने हीच मेन-क्रॉसची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. 1976 मध्ये बंगळूर विकास प्राधिकरण आलं. पण शहर प्राधिकरणाच्या नकाशापेक्षा वेगाने धावू लागलं. शेतकरी आपला सर्व्हे नंबर विकतो. घेणारा मधोमध एक रस्ता काढतो आणि दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त प्लॉट पाडतो. रस्ता बांधापाशी संपतो. शेजारच्या शेतातही तेच होतं, पण रस्त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला. दोन रस्त्यांमध्ये उरते एक भिंत, नाहीतर तलावांना जोडणारा राजकालुवे, म्हणजे मोठा पावसाळी नाला, आणि त्यावर पूल नसतो. समोर दिसणारी शाळा गाठायला मुलांना मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. मोठ्या गेटेड सोसायट्यांनी या भिंती आणखी लांबवल्या. पुण्यात वाकड-हिंजवडीकडे राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलर्ड-बॉल या संशोधकांनी जगभरातल्या रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास करून 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. 1975 पासून जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते एकमेकांना कमी जोडलेले आहेत, असं त्यांना आढळलं. त्यांनी मांडलेली दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे: इमारती पाडून नव्या बांधता येतात, रस्त्यांची पहिली आखणी मात्र सहसा पुसली जात नाही.

चामराजपेटला जोडलेपणाची किंमतही मोजावी लागली आहे. बाहेर पसरलेल्या शहराची वाहनं म्हैसूर रोडवरून आत येतात आणि कोंडी दिसली की याच क्रॉसमध्ये शिरतात. 1999 मध्ये सिरसी सर्कलवरून टाऊन हॉलकडे जाणारा लांबलचक उड्डाणपूल झाला. त्याने गाड्या वरून नेल्या, पण खालची गर्दी हटली नाही. बैठी घरं पाडून तिथे दुकानं आणि अपार्टमेंट उभी राहिली. ज्येष्ठांना रस्ता ओलांडणं अवघड झालं. यात वस्तीच्या नकाशाचा दोष कमी आहे. बाहेरच्या लाखो लोकांना दुसरी वाटच ठेवलेली नाही, दोष त्याचा आहे.

2007 मध्ये बंगळूरच्या महानगरपालिकेत सात नगर परिषदा, एक छोटी नगरपालिका आणि 110 खेडी सामील झाली. त्या खेड्यांच्या हद्दीत जिथे अजून शेत शिल्लक आहे, तिथे प्लॉट पडण्याआधी बांधापलीकडच्या रस्त्याला जोडणारी पट्टी राखून ठेवता येते आणि नाल्यावर निदान पायी जाण्यापुरता पूल बांधता येतो. त्यासाठी ले-आउटच्या मंजुरीच्या कागदावर शेजारच्या शेताचा नकाशाही जोडायला हवा, आणि रस्ता भिंतीपाशी संपत असेल तर मंजुरी नाकारायला हवी.