घरकुलाचा कोटा आणि घराचे दार

दिव्यांगांच्या घरांचा विषय निघाला की कोल्हापुरात एक उत्तर हमखास मिळते : सरकारने ५ टक्के घरकुले राखून ठेवली आहेत, आपल्याकडे नावाजलेल्या संस्थाही आहेत, उरलेले घरच्यांनी बघावे. यातले तपशील खरे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३७ हे आरक्षण देते. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’चे उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह जिल्ह्याचे भूषण आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आरक्षणात घरांची संख्या मोजली जाते. त्या घरात लाभार्थ्याला जाता येते का, हे कोण मोजतो? २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पोळलेला पंचगंगाकाठचा माणूस नव्या घराचे जोते उंच घेतो, आणि त्याचे बरोबरच आहे. जोते ३ फूट धरा. व्हीलचेअरसाठी १ फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे इथे ३६ फूट. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, साधारण १५ बाय १८ फुटांचे. उतार घराच्या दुप्पट लांब झाला. १ लाख २० हजारांच्या अनुदानात तो बसत नाही; मग पायऱ्या येतात, खुर्ची अंगणात राहते आणि माणसाला उचलून आत न्यावे लागते. गुडघे गेलेल्या म्हातारीलाही त्याच पायऱ्या आडव्या येतात.

‘रॅम्प नंतर घालू’ हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. पूरग्रस्तांच्या पुनर्वसनात भूखंड पाडतानाच चार घरांना मिळून एक जोते आणि एक उतार आखला, तर जागा आणि खर्च दोन्ही वाटले जातात.

वसतिगृह मुलाला शिकवून स्वावलंबी करते. पुढचे आयुष्य त्याला गावातच काढायचे असते. म्हाताऱ्यांचेही तसेच : २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यामागे किमान एका वृद्धाश्रमाची तरतूद आहे, तीही निराधारांसाठी. ज्यांना घर आहे, त्यांना ते वापरता आले पाहिजे. सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात बजावले आहे.

घरकुलाचा हप्ता सोडण्यापूर्वी बांधकामाचा फोटो काढतात. शेवटच्या हप्त्याआधी ग्रामपंचायतीने आणखी एक गोष्ट पाहावी : ज्याच्या नावे घर आहे, तो कुणाच्याही आधाराशिवाय आत गेला का?