विजेचे विमान आणि तिघांचा मेळ

विवाह ठरविताना महाराष्ट्रात दोन पत्रिका पाहण्याची रीत आहे. विजेवर उडणाऱ्या विमानाचे मात्र दोहोंवर भागत नाही. तेथे मोटर, बॅटरी आणि मोटरीचा वेग आवरणारा नियामक अशा तीन पत्रिका जुळाव्या लागतात. तिघांपैकी एकाचाही मेळ बसला नाही, तर विमान जमीन सोडीत नाही, अथवा सोडलेच तर लवकरच तिच्यावर येऊन आदळते. विद्युत् उड्डाणाचा सुमारे एकशेचाळीस वर्षांचा इतिहास हा या मेळाच्या शोधाचाच इतिहास होय. आणि त्याचे एक ताजे प्रकरण आज लातूर व नांदेडच्या सोयाबीनच्या शिवारांत लिहिले जात आहे.

आरंभ पॅरिसमध्ये झाला. ८ ऑक्टोबर १८८३ रोजी तिसांदिए बंधूंनी वायूने फुगविलेल्या विमानाला सीमेन्स कंपनीची दीड अश्वशक्तीची मोटर जोडली आणि चोवीस रासायनिक घटांच्या विजेवर ती चालविली. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १८८४ रोजी, रनार आणि क्रेब्ज या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांचे ‘ला फ्रान्स’ हे वायुयान २३ मिनिटांत सुमारे ८ किलोमीटरांचा फेरा करून निघाल्या जागी परत आले. त्याच्या बॅटरीचेच वजन ४३५ किलोग्रॅम होते! वायूच्या पिशवीने हा भार तोलून धरला. पंखांच्या विमानाला तो पेलणारा नव्हता. एक किलोग्रॅम पेट्रोलात सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या बॅटरीत ती तीस-चाळीस वॅट-तासांहून फारशी नसते. म्हणून १९०३ साली राइट बंधू पेट्रोलच्या एंजिनावर उडाले, आणि वीज अर्धशतकाहून अधिक काळ जमिनीवरच राहिली.

तिला पुन्हा आकाशात नेले ते खेळण्यातील विमानांच्या छांदिष्टांनी. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी चांदी-जस्ताच्या बॅटरीवर आपले ‘रेडिओ क्वीन’ हे छोटे विमान रेडिओच्या संदेशांनी उडविले. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी १९६० च्या सुमारास विजेवरील छोटे विमान बाजारात आणविले. पुढे त्यांच्याच परिश्रमांतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात माणसाला घेऊन विजेचे विमान काही मिनिटे उडाले. लहान विमानांनी मोठ्यांना वाट दाखविली, ती अशी.

हा मेळ म्हणजे नेमके काय, हे साध्या हिशेबाने कळते. मोटरीवर एक आकडा छापलेला असतो : एका व्होल्टला ती भाराविना मिनिटाला किती फेरे घेते. समजा तो १,००० आहे आणि बॅटरीत ३.७ व्होल्टचे तीन घट आहेत, म्हणजे ११.१ व्होल्ट आणि ११,१०० फेरे. पंखा लावला की फेरे कमी होतात आणि मोटर, समजा, २० अँपिअर वीज ओढते. बॅटरी २.२ अँपिअर-तासांची असेल, तर ती साडेसहा मिनिटांत रिती होईल. सुज्ञ माणूस पाच मिनिटांतच विमान उतरवील. नियामक मात्र २० चा नव्हे, ३० अँपिअरचा निवडावा, म्हणजे हात राखून काम होते.

आता अधिक जोराच्या मोहाने कोणी तीनऐवजी चार घट लावले तर? व्होल्ट एकतृतीयांशाने वाढतात; परंतु पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती सव्वादोनपटींहून अधिक होते, आणि प्रवाह २० वरून सुमारे ३५ अँपिअरवर जातो. ३० अँपिअरचा नियामक जळतो, मोटरीच्या तारांचे वेष्टन करपते. बळ वाढविण्यासाठी केलेला खटाटोप बळाच्याच मुळावर येतो. चार घटच वापरावयाचे असतील, तर पंखा लहान घ्यावा किंवा व्होल्टमागे कमी फेरे घेणारी मोटर शोधावी.

तिघांत उपेक्षित राहिला तो नियामक. प्रारंभी तो केवळ कळ दाबण्याचे साधन होता. नंतर विजेला अडविणाऱ्या तारेतून वेग कमी करीत, आणि अडविलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. ट्रान्झिस्टरने ती उधळपट्टी थांबविली : तो सेकंदात हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो. १९८३ च्या सुमारास निओडिमियमचे प्रबळ चुंबक पुढे आले. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. ब्रशविरहित मोटरीत तर कोणत्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यावयाची हे नियामकच ठरवितो. तिन्ही पत्रिका येथे प्रथमच नीट जुळल्या.

महाराष्ट्रात त्याचे फळ लवकरच दिसले. मुंबईच्या आय.आय.टी.तील तरुणांनी २००७ साली ‘आयडियाफोर्ज’ ही संस्था स्थापिली आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने ‘नेत्र’ हे चार पंख्यांचे छोटे यान सिद्ध केले. अशा यानाला सुकाणू नसते. चार मोटरींचे वेग क्षणोक्षणी कमीजास्त करूनच ते तोल सांभाळते. नियामकाच्या हाती तेथे केवळ वेग नसतो. सारे यानच असते.

हेच तत्त्व आता शेतात उतरले आहे. २०१७ साली नांदेडच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन विषाच्या तुषारांतून चालणाऱ्या माणसाला बाजूला काढणे, हे फवारणीच्या ड्रोनचे खरे मोल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये कृषी-ड्रोनची कार्यपद्धती ठरविली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली.

परंतु यंत्र गावात पोहोचले म्हणजे विद्या पोहोचली असे नव्हे. दहा लिटर औषध भरलेले यान उड्डाणाच्या आरंभी सर्वांत जड असते. त्याच वेळी मोटर, बॅटरी आणि नियामक यांची खरी परीक्षा होते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपार जातो. नुकत्याच उतरलेल्या तापल्या बॅटरीला थंड होऊ न देता पुन्हा भारित करणे म्हणजे तिचे आयुष्य खुंटविणे आणि आगीला आमंत्रण देणे. बिघडलेल्या मोटरीच्या जागी हाताला लागेल ती मोटर बसविली, तर पैसा तर जातोच. आणि विषाने भरलेली टाकी शेजारच्या बांधावर कोसळते. ज्या माणसाला विषापासून दूर ठेवावयाचे, त्याच्याच अंगावर ते पुन्हा येते. तेव्हा लातूर-नांदेडच्या बचतगटातील भगिनीला ड्रोनबरोबर हा तिघांचा हिशेबही शिकविला पाहिजे. तो फारसा अवघड नाही : गुणाकार, भागाकार आणि थोडा संयम एवढीच त्याची सामग्री आहे.