प्राध्यापक राइट यांचे पत्र

इ. स. १८९३ च्या जुलैअखेर स्वामी विवेकानंद शिकागोस पोहोचले. सर्वधर्मपरिषदेत प्रतिनिधी म्हणून बसण्यास अधिकृत संस्थेचे ओळखपत्र आवश्यक होते. ते त्यांजपाशी नव्हते आणि नावनोंदणीची मुदतही टळली होती. जवळचा पैसा सरू लागल्याने ते कमी खर्चाच्या बोस्टनकडे गेले. तेथे हार्वर्ड विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची गाठ पडली. त्यांनी संभाषणातूनच या परक्या संन्याशाची विद्वत्ता पारखली, परिषदेच्या चालकांस पत्र लिहिले आणि शिकागोचे तिकीटही काढून दिले. ११ सप्टेंबरचे भाषण सर्वांस ठाऊक आहे. त्यामागील हे पत्र थोड्यांनाच स्मरते.

शिफारशीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यास आपण प्रथम घराणे विचारतो. राइटांप्रमाणे प्रथम गुण पाहावेत, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.