सातपुड्याच्या पोटातील कुरबुर

जबलपूरच्या मराठी घरांत भूकंपाचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांना १९६७ चे कोयनानगर आठवे आणि तरुणांना १९९३ ची किल्लारी. नर्मदाकाठी, आपल्याच अंगणात जमीन हलेल असे फारसे कुणाच्या मनात नसे. २२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ती हलली. महत्ता ५.८. आठ हजारांहून अधिक घरे कोसळली, चाळीसच्या आसपास माणसे दगावली. शहराजवळच्या कोसमघाट गावाची तर दैना झाली.

प्रशासकीय प्रशिक्षणवर्गांत मी हे उदाहरण आवर्जून देत असे. किल्लारीचा भूकंप उथळ होता. जबलपूरचा मात्र सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, म्हणजे भूकवचाच्या जवळजवळ तळाशी झाला. इतक्या खोलवर खडक उष्णतेने मऊ पडतो, तो तुटत नाही, अशी सर्वसाधारण समजूत. इथे तो तुटला. नर्मदा-शोण पट्टा ही भूकवचातील प्राचीन भेग असून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात असल्याने तिच्यावर आजही ताण येतो. १९२७ साली शोण खोऱ्यात आणि १९३८ साली सातपुड्यात याच पट्ट्याने मोठे हादरे दिले होते. १९३८ चा हादराही असाच खोल होता.

१९९७ चा हादरा इतक्या नेमकेपणाने मोजता आला, कारण किल्लारीनंतर देशातील भूकंपमापन केंद्रांना आधुनिक यंत्रे मिळाली होती. (त्यासाठी आधी हजारो माणसे का मरावी लागतात, हा प्रश्न शासनसेवेत राहूनही मला सुटलेला नाही.)

पुढच्याच वर्षी खंडवा जिल्ह्यातील पंधाना परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. धक्के किरकोळ, पण प्रत्येकाबरोबर जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज. अशा वेळी गावकरी अधिकाऱ्याला घेरून एकच विचारतात, “साहब, बड़ा वाला कब आएगा?” शास्त्रज्ञ फिरती यंत्रे लावून धक्क्यांची जागा आणि खोली काढू शकतात. तारीख कुणालाच सांगता येत नाही. अधिकाऱ्याने ती सांगण्याच्या मोहात पडू नये, आणि “काही होणार नाही” असेही म्हणू नये. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती.

त्यापेक्षा उपयोगी काम जबलपुरातच झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि इतर संस्थांनी मिळून शहराचे सूक्ष्म भूकंपक्षेत्रीकरण केले, म्हणजे कोणत्या भागाखाली खडक, कुठे गाळाची माती आणि कुठे हादरा वाढेल, याचा नकाशा तयार केला. देशातील या प्रकारच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक.

आजही तिकडच्या कुणा आप्तांचा घर बांधायचा बेत कळला, की मी बजेटच्या आधी विचारतो, “प्लॉटखाली काय आहे, खडक की माती?” बहुतेकांना ठाऊक नसते.